रेझिनच्या मण्याची पूर्वपीठिका

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव बाहेरच्या मुलखाला ठाऊक असते ते शनिशिंगणापूरच्या वाटेवरील ठिकाण म्हणून, किंवा मुळा सहकारी साखर कारखान्याचे गाव म्हणून. परंतु ज्या विषयाची पूर्वपीठिका येथे सांगावयाची आहे, त्या विषयाच्या दृष्टीने या गावाचे खरे धन म्हणजे त्याच्या पायाखालची काळी जमीन होय. प्रथिनांचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, घन आधारावर बांधण्याची जी विद्या गेल्या साठ वर्षांत जगभर रूढ झाली आणि जिच्या जोरावर आज अनेक औषधे तयार होतात, त्या विद्येचा सगळा भार रेझिनच्या एका सूक्ष्म मण्यावर आहे. आणि त्या मण्याचे कूळ शोधीत मागे मागे गेले, तर ती वाट कोणत्याही विद्यापीठाच्या दारात न थांबता शेतातील मातीपाशी येऊन पोहोचते, ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सहसा सांगितली जात नाही.

मुळा धरणाचे पाणी नेवासे तालुक्यात आले त्याच्या कितीतरी आधी, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या भरवशावर प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला होता, आणि पाण्याच्या पाठोपाठ येणारी आपत्तीही त्या टापूने पाहिली होती. पाणी मुबलक आणि निचरा अपुरा असे झाले, की काळी जमीन हळूहळू चोपण होऊ लागते : वर पांढरा खार फुटतो, ओली असताना तीत पाय रुततात, वाळली की नांगराचा फाळ आत शिरत नाही, आणि सरकारदप्तरी बागायत म्हणून नोंदलेल्या जमिनीत प्रत्यक्षात लव्हाळ्यावाचून काही उगवत नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राशी ज्यांची नावे निगडित आहेत त्या बसू आणि सिरूर या संशोधकांनी नीरा उजव्या कालव्याच्या आणि प्रवरा कालव्यांच्या क्षेत्रातील जमिनींची पाहणी करून त्यांचे वर्गीकरण १९३८ साली प्रसिद्ध केले, आणि दख्खनच्या कालव्यांखालील मातीचा शास्त्रीय तपशील प्रथमच पद्धतशीरपणे मांडला गेला. या मातीचा चिकणकण ऋणविद्युतभारित असतो. तो आपल्या अंगावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांचे धनभारित अणू बाळगून असतो, आणि भोवतालच्या पाण्यात ज्याचे प्राबल्य अधिक त्याला जागा देऊन जुन्याला सोडून देतो. चोपण जमिनीत कॅल्शियमची जागा सोडियमने बळकावलेली असते. म्हणूनच कृषी खात्याचा माणूस शेतकऱ्याला जिप्समच्या गोण्या टाकावयास आणि चर खणावयास सांगतो, तेव्हा तो वस्तुतः कॅल्शियमकरवी सोडियमला बेदखल करून निचऱ्याच्या पाण्यातून शिवाराबाहेर घालविण्याचीच तजवीज करीत असतो.

मातीचा हा देवाणघेवाणीचा स्वभाव शास्त्राच्या दप्तरात रुजू झाला तो इंग्लंडमध्ये, आणि तोही एका शेतीवाल्याच्या हातून. यॉर्कशायरातील जमीनदार एच. एस. टॉमसन यांनी मातीने भरलेल्या नळीतून अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतले, तेव्हा खालून अमोनिया बाहेर न पडता कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्समच, बाहेर पडले. आणि रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनज्ञ जे. टॉमस वे यांनी त्याच धाग्यावरून पुढे शेकडो निरीक्षणे करून १८५० पासूनच्या लेखांत असे दाखविले, की ही अदलाबदल मातीतील चिकणअंशामुळे घडते आणि ती ठरावीक रासायनिक प्रमाणातच घडते. हा प्रयोग आजही कोणत्याही शाळेत अर्ध्या तासात करता येतो : शिवारातील काळी माती वाळवून, चाळून, थोडी वाळू मिसळून काचेच्या नळीत भरावी, वरून अमोनियम सल्फेटचे सौम्य द्रावण सावकाश सोडावे, आणि खाली उतरलेल्या पाण्यात अमोनियम ऑक्झलेटचे चार थेंब टाकावेत; पांढरा साका आला की कॅल्शियम सुटल्याचा दाखला मिळाला.

या गुणाचा उद्योगाकडे झालेला पहिला प्रवास साखरेच्याच वाटेने झाला, ही गोष्ट साखर कारखान्याच्या गावाने आवर्जून ध्यानात ठेवावी अशी आहे. बीटच्या रसात सोडियम आणि पोटॅशियम यांचे क्षार राहिले म्हणजे तेवढी साखर दाणा न धरता मळीत जाते. ते क्षार खनिज सिलिकेटांच्या थरातून रस गाळून काढून टाकण्याची युक्ती जर्मनीत हार्म याने १८९६ साली सुचविली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट गान्स यांनी बर्लिनमध्ये कृत्रिम सिलिकेटे तयार करून त्यांनी जड पाणी मऊ करण्याचा व्यवसाय उभा केला. परंतु सिलिकेट आम्लात टिकत नाही, ही त्याची मोठी उणीव होती. आणि ती दूर झाली १९३५ साली, जेव्हा टेडिंग्टनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेतील ॲडम्स आणि होम्स यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बनविलेल्या कृत्रिम रेझिनांतही मातीसारखाच अदलाबदलीचा गुण असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत द'आलेलियो यांनी स्टायरीन आणि डायव्हिनिलबेंझीन यांचे गोल मणी करून त्यांवर सल्फोनिक आम्लाचे गट बसविले, आणि त्याचे पेटंट १९४४ च्या अखेरीस मंजूर झाले. आज जगात जे अदलाबदलीचे रेझिन वापरले जाते त्यातील फार मोठा भाग याच घडणीचा आहे.

साखर कारखान्याच्या बॉयलर-घराशेजारी ज्या उभ्या, बंद टाक्या असतात त्यांच्या पोटात हेच मधाच्या रंगाचे मणी भरलेले असतात, आणि इंडियॉन, तुलसिऑन या नावांची पोती कारखान्यातल्या माणसांच्या नजरेखालची असतात. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांनी धरून ठेवले नाही, तर बॉयलरच्या नळ्यांत आतून स्केल बसते, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि भर गळीत हंगामात नळी फुटण्याची वेळ येते. म्हणून पाळीवरचा माणूस पाण्याचा नमुना घेऊन त्यात चाचणीचे थेंब टाकतो, रंग निळा आला तर पाणी मऊ समजतो, आणि तांबूस आला तर टाकीत मिठाचे पाणी सोडून रेझिन पुन्हा ताजे करून घेतो. हे काम वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते, आणि ज्या मण्यांवर ते चालते त्यांच्याच जातकुळीचे, मात्र कितीतरी बारीक, मणी पेप्टाइडांच्या शास्त्रज्ञाने आपल्या उपयोगासाठी घेतले.

तो योग कसा जुळून आला हे समजण्यासाठी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जावे लागते. तेथे स्टॅन्फर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांनी १९५० नंतरच्या वर्षांत सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनच्याच मण्यांनी भरलेल्या उंच नळ्यांतून प्रथिनाचे विघटन करून मिळालेली अमिनो आम्ले एकेक करून वेगळी काढण्याची पद्धत बसविली, आणि १९५८ साली स्पॅकमन यांच्या साह्याने ते काम यंत्राच्या हवाली केले. रिबोन्यूक्लिएज या प्रथिनाची रचना त्यांनी याच मार्गाने उलगडली आणि त्यासाठी पुढे १९७२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. म्हणजे ज्या मण्यांवर पुढे प्रथिनांचे तुकडे बांधले गेले, ते मणी प्रथम प्रथिने मोडून पाहण्याच्या कामी आले होते, आणि दोन्ही कामे एकाच संस्थेत, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने झाली. ब्रूस मेरिफिल्ड हा रसायनज्ञ १९४९ पासून त्याच संस्थेत वूली यांच्या प्रयोगशाळेत नोकरीस होता.

पेप्टाइड बांधण्याची विद्या त्याच्याआधी अर्धशतक अस्तित्वात होती. एमिल फिशर यांनी १९०१ साली ग्लायसीनचे दोन रेणू जोडून ग्लायसिलग्लायसीन केले आणि १९०७ पर्यंत अठरा अमिनो आम्लांची साखळी गाठली. आणि त्याच काळात त्यांनी रेशमाच्या धाग्याचे विघटन करून त्यातील अमिनो आम्ले तपासली होती, कारण रेशीम हे मुख्यत्वे ग्लायसीन, ॲलनीन आणि सेरीन यांच्या दीर्घ साखळ्यांचे बनलेले प्रथिन आहे. येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्याच तालुक्यात, प्रवरेकाठच्या नेवाशास, डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजातील सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खननाचा जो पहिला टप्पा पार पाडला आणि पुढे १९५९ पासून जो पुन्हा हाती घेतला, त्या कामात तीन हजार वर्षांमागच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि ती ज्या दोऱ्यात ओवलेली होती त्याच्या अवशेषांची तपासणी करणाऱ्या गुलाटी यांनी त्यात कापसाबरोबर रेशीमही ओळखले. निसर्गाने घडविलेल्या पेप्टाइड-साखळीचा असा पुरावा सोनईपासून अर्ध्या दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरावर जमिनीखाली पडून होता, ही या तालुक्याने अभिमानाने सांगावी अशी बाब आहे.

फिशर यांच्यानंतर विद्या वाढली, दु विग्नो यांनी १९५३ साली ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार करून दाखविले, परंतु श्रमाचे प्रमाण काही घटले नाही. एक अमिनो आम्ल जोडावे, मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा काढावा, त्याचे स्फटिक करावेत, ते शुद्ध असल्याची खातरी करावी, आणि मग पुढचे अमिनो आम्ल हाती घ्यावे, अशा क्रमाने जावे लागे. प्रत्येक पायरीला काही माल वाया जाई, आणि साखळी लांबत गेली की ती विरघळेनाशी होऊन सारेच काम ठप्प होई. पाच अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडासाठी कित्येक महिने खर्ची घातलेल्या मेरिफिल्ड यांनी २६ मे १९५९ रोजी आपल्या नोंदवहीत एक टिपण लिहिले, आणि त्याचा आशय असा होता, की साखळीचे पहिले अमिनो आम्ल एखाद्या न विरघळणाऱ्या घन आधारास घट्ट बांधून टाकावे, पुढची सर्व जोडणी तेथेच करावी, जे नको ते केवळ धुऊन आणि गाळून काढून टाकावे, आणि साखळी पूर्ण झाल्यावर ती आधारापासून सोडवून घ्यावी. कल्पना इतकी सरळ आहे, की ती ऐकणारास वाटावे आता उरले काय. पण तो आधार कोणता घ्यावा आणि कसा तयार करावा, या प्रश्नाने पुढची सुमारे तीन वर्षे खाल्ली.

सेल्युलोज, पॉलिव्हिनिल अल्कोहोल, पॉलिमेथॅक्रिलेट, सल्फोनेटेड पॉलिस्टायरीन असे आधार त्यांनी पारखून पाहिले, आणि शेवटी स्टायरीन व डायव्हिनिलबेंझीन यांच्या मण्यांवर क्लोरोमिथिल गट बसवून केलेल्या रेझिनवर त्यांचा निर्णय झाला. ल्यूसिन, ॲलनीन, ग्लायसीन आणि व्हॅलीन अशा चार अमिनो आम्लांची साखळी या आधारावर बांधल्याचा त्यांचा एकट्याच्या नावाचा लेख १९६३ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. लोक त्या लेखात चार अमिनो आम्लांची जोडणी पाहतात. परंतु तो लक्षपूर्वक वाचला तर खरे संशोधन मण्याच्या तयारीत आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण जोडणीच्या रासायनिक क्रिया बहुतांशी पूर्वीपासून ज्ञात होत्या आणि नवा होता तो आधारच.

तो मणी कसा तयार होतो, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. बाजारातून आलेल्या स्टायरीनमध्ये ते बाटलीतच घट्ट होऊ नये म्हणून एक अवरोधक मिसळलेला असतो. तो प्रथम कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुऊन काढावा लागतो, नाहीतर पुढची क्रिया सुरूच होत नाही. मग स्टायरीनमध्ये डायव्हिनिलबेंझीन अत्यल्प प्रमाणात, १९६३ च्या लेखात २ टक्के आणि पुढे सर्वत्र रूढ झाल्याप्रमाणे १ टक्का, मिसळून त्यात बेंझॉइल पेरॉक्साइड विरघळवितात, आणि हे तेलकट द्रावण पॉलिव्हिनिल अल्कोहोल घातलेल्या पाण्यात ओतून ढवळणी सुरू करतात. पाणी आणि स्टायरीन एकमेकांत मिसळत नाहीत. ढवळणीच्या वेगानुसार स्टायरीनचे लहान-मोठे थेंब होतात, पाण्यातील अल्कोहोलाचा पातळ पडदा त्यांना परस्परांत मिसळू देत नाही, आणि नायट्रोजनच्या आवरणाखाली ८० अंशांच्या आसपास कित्येक तास तापविल्यावर प्रत्येक थेंब आहे त्या जागी घट्ट होऊन त्याचा मणी बनतो. या वेळात ढवळणी मंदावली तर थेंब एकमेकांस चिकटून तळाशी गोळा होतो आणि अख्खा घाणा फुकट जातो. वेग वाढला तर मणी इतके बारीक होतात की पुढे गाळणीची जाळी तुंबते. तयार झालेले मणी गरम पाण्याने, मग मिथेनॉलने, मग बेंझीनसारख्या द्रावकाने पुनःपुन्हा धुऊन आतले अर्धवट पदार्थ काढून टाकतात, वाळवितात, आणि चाळण्यांच्या उतरंडीतून चाळून २०० ते ४०० मेशचे, म्हणजे सुमारे ३८ ते ७५ मायक्रॉन व्यासाचे, मणी तेवढे ठेवून घेतात. चाळणीतून निसटलेला भुगाही राहता कामा नये. मण्यांना मिथेनॉलमध्ये घुसळून क्षणभर स्थिर ठेवले, की धड मणी खाली बसतात आणि भुगा वर तरंगत राहतो, तो निथळून टाकावयाचा, आणि वरचे द्रावण नितळ दिसेपर्यंत हेच पुनःपुन्हा करावयाचे.

डायव्हिनिलबेंझीनच्या त्या एक-दोन टक्क्यांत सगळी मेख आहे. त्याच्यामुळे पॉलिस्टायरीनच्या साखळ्या अधूनमधून एकमेकींशी बांधल्या जातात, म्हणून मणी कोणत्याही द्रावकात विरघळत नाही. पण ती बांधणी विरळ असल्यामुळे डायक्लोरोमिथेनमध्ये टाकला असता तो साबुदाणा भिजावा तसा फुगतो आणि आपल्या कोरड्या आकारमानाच्या चार ते सहा पट होतो. बांधणी आठ-दहा टक्के केली, तर मणी मजबूत होतो पण फुगत नाही आणि आत काहीच शिरू शकत नाही. पाण्याच्या टाकीतील रेझिनला ते चालते, कारण तेथे केवळ लहानशा आयनांची ये-जा असते. पेप्टाइडाची साखळी मण्याच्या केवळ पृष्ठभागावर वाढते असा पुष्कळांचा समज होता. मेरिफिल्ड आणि लिटाऊ यांनी १९६८ साली किरणोत्सर्गी ट्रिटियमने अंकित केलेले मणी कापून त्यांची छायाचित्रे घेतली, आणि साखळ्या मण्याच्या गाभ्यापर्यंत सारख्या पसरलेल्या असल्याचे दाखवून तो समज निकालात काढला. ग्रॅममागे अर्धा मिलिमोल या हिशेबाने ५० मायक्रॉनच्या एका मण्यात सुमारे वीस लाख कोटी साखळ्या एकाच वेळी वाढत असतात. त्या सर्वांना द्रावक आणि अभिकर्मक पोहोचले पाहिजेत, म्हणून मणी फुगणे ही या विद्येची पहिली अट ठरते.

नुसत्या पॉलिस्टायरीनच्या मण्याला अमिनो आम्ल धरण्यासाठी काहीच आधार नसतो. तो देण्यासाठी मण्यांना क्लोरोफॉर्ममध्ये फुगवून, बर्फात थंड करून, स्टॅनिक क्लोराइडच्या साह्याने क्लोरोमिथिल मिथिल ईथरची क्रिया केली जाई, आणि साखळीच्या काही वलयांवर क्लोरोमिथिल गट बसत. या ईथरविषयी येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. त्यात बिस्क्लोरोमिथिल ईथर हे जे द्रव्य मिसळलेले असते, ते माणसाला फुप्फुसाचा कर्करोग करते, हे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अदलाबदलीचे रेझिन बनविणाऱ्या कारखान्यांतील कामगारांच्या मृत्यूंवरून उघड झाले. फिलाडेल्फियातील एका कारखान्यातील तरुण कामगारांचा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर अमेरिकेत या द्रव्याच्या वापरावर कडक कायदेशीर निर्बंध आले. ज्या मण्यांनी लाखो बॉयलर राखले आणि पुढे औषधांना जन्म दिला, त्यांच्या इतिहासात त्या कामगारांची नोंद ठळकपणे असली पाहिजे, आणि ती बहुतेक पुस्तकांत मिळत नाही याचा मला मनापासून खेद वाटतो. आता क्लोरोमिथिल गट आधीच अंगावर असलेले स्टायरीन वापरून मणी घडविता येतात आणि त्या ईथरला हातही लावावा लागत नाही. हौसेने किंवा अभ्यासासाठी मणी करू पाहणाऱ्याने याखेरीज दुसरा मार्ग धरू नये.

मण्यावर क्लोरीन किती बसले, याचा हिशेब चोख असावा लागतो. वजन केलेले रेझिन पिरिडिनमध्ये तापवून त्यावरील क्लोरीन क्लोराइडच्या रूपाने मुक्त करतात आणि फोलहार्डच्या पद्धतीने मोजतात : नायट्रिक आम्लात सिल्व्हर नायट्रेट जास्त घालावे, फेरिक अलम दर्शक म्हणून टाकावे, आणि उरलेले चांदीचे प्रमाण थायोसायनेटने अनुमापन करून, तांबूस छटा टिकली की ब्यूरेट बंद करावे. पहिले अमिनो आम्ल बसविण्यासाठी मेरिफिल्ड त्याचे ट्रायएथिलअमाइन क्षार इथेनॉलमध्ये दीर्घकाळ तापवीत. त्यात काही ठिकाणी अमाइनच मण्याला चिकटून बसे, म्हणून १९७३ साली गिसिन यांनी सीझियमचे क्षार वापरण्याची सुधारणा सुचविली आणि ती सर्वमान्य झाली. जोडणी पूर्ण झाली की नाही हे कळण्यासाठी कायझर यांनी १९७० साली निनहायड्रिनची चाचणी दिली : चार मणी काढून तापवावेत, निळे झाले तर काही अमिनो गट अजून मोकळे आहेत, मणी निरंग राहिले तर पुढे जाण्यास हरकत नाही.

फळ मिळावयास वेळ लागला नाही. ब्रॅडिकायनिन हे नऊ अमिनो आम्लांचे पेप्टाइड मेरिफिल्ड यांनी आठ दिवसांत, ६८ टक्के उत्पन्नासह, तयार केले. १९६५ साली जॉन स्ट्यूअर्ट यांच्यासमवेत त्यांनी सर्व धुणी-जोडणी आपोआप करणारे यंत्र जाहीर केले, आणि त्या यंत्राची जुळवाजुळव त्यांनी स्वतःच्या घराच्या तळघरात केली होती. बर्न्ड गुट्टे आणि त्यांनी १९६९ साली जाहीर केलेल्या १२४ अमिनो आम्लांच्या रिबोन्यूक्लिएजसाठी ३६९ रासायनिक क्रिया आणि ११,९३१ यांत्रिक पायऱ्या लागल्या. ज्या प्रथिनाची रचना मूर आणि स्टाइन यांनी मण्यांच्या नळीतून उकलली, तेच मण्यांवर पुन्हा उभे राहिले. टीकाकारांचा आक्षेपही चुकीचा नव्हता : प्रत्येक पायरी ९९ टक्के सफल झाली तरी शंभर पायऱ्यांनंतर बिनचूक साखळ्या ३७ टक्क्यांच्या आतच उरतात, आणि मधल्या चुका गाळणीने वेगळ्या होत नाहीत. त्या आक्षेपाचे उत्तर बव्हंशी अधिक चांगल्या रेझिनांनी दिले. वांग यांचे १९७३ चे रेझिन, रिंक यांचे १९८७ चे, बार्लोस यांचे क्लोरोट्रायटिल रेझिन, केंब्रिजमध्ये शेपर्ड आणि ॲथरटन यांनी कार्पिनो यांच्या एफमॉक गटाशी जुळेल असा केलेला पॉलिॲमाइडचा आधार, ही नावे या विद्येच्या वर्तुळात घरोघरची झाली आहेत. नोबेल पारितोषिक १९८४ साली मेरिफिल्ड यांना एकट्यालाच मिळाले, आणि ते घन आधारावरील रासायनिक बांधणीच्या पद्धतीसाठी होते.

भारतात आधाराच्या घडणीचाच प्रश्न मनावर घेणाऱ्यांत केरळमधील कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठातील व्ही. एन. राजशेखरन पिल्लै यांच्या गटाचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागेल. त्यांनी डायव्हिनिलबेंझीनच्या ताठर सांध्याऐवजी ग्लायकोलांच्या डायॲक्रिलेटांचे लवचीक सांधे घालून मणी केले. आपल्या महाराष्ट्रात हे काम पुण्यास पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पाहावयास मिळते. ३ जानेवारी १९५० रोजी जिचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, त्या प्रयोगशाळेत कृष्ण गणेश आणि वैजयंती कुमार यांच्या गटांनी १९९१ साली कोपनहेगनमध्ये प्रथम निघालेल्या पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लांची अनेक नवी रूपे घन आधारावर बांधली, आणि त्या कामाचा आरंभच रेझिनच्या तयारीने होई. विकत मिळणाऱ्या एमबीएचए रेझिनवर ग्रॅममागे सुमारे २ मिलिमोल अमिनो गट असतात. एवढ्या दाटीत शेजारच्या साखळ्या एकमेकींस बिलगून पुढची जोडणी अडते, म्हणून हिशेबाने मोजलेले ॲसेटिक अनहायड्राइड घालून बहुतेक गट कायमचे बंद करावयाचे आणि सुमारे ०.३५ मिलिमोल तेवढे मोकळे ठेवावयाचे. मोकळे किती उरले हे पिक्रिक आम्लाने कळते : फुगवलेले मणी त्याच्या द्रावणात ठेवले की प्रत्येक मोकळा अमिनो गट एकेक पिक्रेट धरून बसतो आणि मणी पिवळेजर्द होतात, जास्तीचा पिवळेपणा डायक्लोरोमिथेनने धुऊन टाकावा, मग अमाइनच्या द्रावणाने धरलेला पिक्रेट सोडवून घ्यावा, आणि ३५८ नॅनोमीटरवर त्याचे प्रकाशशोषण मोजून हिशेब करावा. असंख्य मोकळ्या जागांपैकी बहुतेक आपल्या हातांनी बंद करण्यात जे धैर्य आहे, ते या विद्येत मुरलेल्या माणसासच साधते.

सोनईला मुळा एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे, आणि जिल्ह्यात विज्ञानशाखा असलेली महाविद्यालये इतरही आहेत. तेथील रसायनशास्त्राच्या अध्यापकांना माझी विनंती आहे, की घन आधारावरील बांधणीचा पाठ फळ्यावरच्या वर्तुळावर आणि बाणांवर संपवू नये. स्टायरीनचे थेंब पाण्यात घट्ट करून मणी करण्यास एक गोल चंबू, एक ढवळणी, एक पाण्याचे तपेले, चाळण्यांचा संच आणि वायुवीजनाची चांगली सोय असलेली खोली पुरते. तो घाणा विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः घालावा, ढवळणी मंदावल्यावर गोळा कसा होतो आणि वेग नीट राखल्यावर मणी कसे सुटे राहतात हे डोळ्यांनी पाहावे, आणि ते डायक्लोरोमिथेनमध्ये किती फुगतात हे मोजनळीत मोजावे. विकतचे रेझिन आणले असेल, तर बाटलीवरील आकड्यावर विसंबून काम सुरू न करता त्यातील मोकळ्या गटांचे प्रमाण प्रथम स्वतः काढावे, दोनदा काढावे, आणि तो आकडा तारखेसह नोंदवहीत लिहून मगच पहिले अमिनो आम्ल हाती घ्यावे.